बूड नसलेली मुडी

शुक्रवार, १४ ऑगस्ट १९९२
ओमान

तीर्थरूप बाबांस,

केशरचा नमस्कार. मी इथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. हे पत्र पोस्टमन पुंडलिकमामाच वाचून दाखवणार, म्हणून त्यांनाही नमस्कार. मामा, भरभर वाचू नका, बाबांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. ते कबूल करणार नाहीत, पण येतं.

मी पोचले. रामनगरच्या स्टँडवर तुम्ही सायकलच्या दुकानामागे उभे होतात, ते मी एसटीच्या खिडकीतून पाहिलं. हात केला नाही, कारण तुम्हीही केला नाहीत. पण एसटी वळेपर्यंत तुम्ही हलला नाहीत, तेही पाहिलं.

तुम्ही मंगलवहिनीच्या हाती पाठवलेली मुडी नीट पोचली. शेजारच्या बायजाक्काच्या सुनेकडे देता आली, माझ्या हातात देता आली नाही, असो. विमानतळावर तिच्यावरून मोठा तमाशा झाला. तपासणीच्या माणसानं ती उलटीपालटी केली, कानाशी हलवली, हुंगली. हिंदी समजणारा एक मलबारी तिथे होता, त्यानं विचारलं, हे काय आहे? म्हटलं, तांदूळ. म्हणाला, तांदूळ पिशवीत असतो. म्हटलं, तुमच्याकडे असेल. आमच्याकडे पेंढ्याची दोरी वळून, तिनं गच्च आवळून नारळासारखी गोल मुडी बांधतात. आत दाणा पावसाळाभर कोरडा राहतो. आणि माझ्या बापासारखी मुडी अख्ख्या जोयडा तालुक्यात कुणाला बांधता येत नाही. त्यानं तिकडच्या साहेबाला काय सांगितलं कोण जाणे, पण साहेबानं दोन्ही हातांनी उचलून मुडी परत दिली.

दवाखाना लहान आहे, वीस खाटांचा. मस्कतहून गाडीनं तीन तास आत, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर उंच, पण नुसता दगड. झाड म्हणाल तर खजुराचं. आपल्याकडचा माणूस इथे आणून सोडला तर पहिल्या दिवशी सावली शोधत फिरेल. दुपारी खाटेच्या लोखंडाला हात लागला तर चटका बसतो.

कामाचं सांगते. तिसऱ्या दिवशी एक तान्हं मूल आणलं, जुलाबानं सुकून गेलेलं. सलाइन लावायला कुणाला शीर सापडेना. तिघींनी टोचून पाहिलं. मी पुढे झाले, डोक्याच्या बाजूला बोट फिरवलं आणि एका टोचणीत लावली. डॉक्टरांनी नाव विचारलं. नुसतं सिस्टर केशर म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, केशर झिलू वेळीप.

राहायची सोय उत्तम आहे. खोली एकटीची आहे आणि शांत आहे. औषधांचा थोडा वास येतो, एवढंच. खिडकी उंचावर आहे, त्यामुळे ऊन येत नाही. तुम्ही निरोप दिला होता की परक्या मुलखात पहिला घास आपल्या तांदळाचा खा. तसंच केलं. कुणाच्या दारात गेले नाही. तुमची मान खाली जाईल असं काही केलं नाही.

गणपती जवळ आले. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला टांगायची रानफळं आणायला यंदा स्वतः झाडावर चढू नका. दुसऱ्या कुणाला सांगा. तुम्ही ऐकणार नाही, पण लिहिण्याचं काम माझं.

ताठ मानेनं राहिलेली,
तुमची केशर

*

शुक्रवार, २ ऑक्टोबर १९९२
ओमान

तीर्थरूप बाबांस, केशरचा नमस्कार.

पुंडलिकमामा, राग मानू नका, हे पत्र तुम्ही वाचायचं नाही. ते मंगलवहिनीच्या हातात द्या. वहिनी, तू वाच. मोठ्यानं वाच. रस्त्यापलीकडे बायजाक्काला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

बाबा, शाळेत शिकवलं म्हणून पत्रात मी तुला 'तुम्ही' लिहिते. आज ते जमणार नाही. समोर असते तर 'तू' म्हटलं असतं, तेच म्हणते.

तू पडलास. माटोळीसाठी झाडावर चढलास आणि पडलास. खुब्याच्या हाडाला तडा गेला. बेळगावच्या डॉक्टरांनी तीन महिने पाय टेकू नको असं सांगून घरी पाठवलं. आणि तू मला काय कळवलंस? 'गणपती छान झाले, माटोळी भरगच्च होती.' बाकीचं मला वहिनीच्या पत्रातून कळलं. तू खाटेवरून उतरतोस, बसल्या बसल्या सरकत चुलीपर्यंत जातोस आणि पेज शिजवतोस, तेही कळलं. बायजाक्का दोन्ही वेळा ताट आणते आणि तू दारातूनच परत पाठवतोस. घरी चल म्हणाली तर तोंड भिंतीकडे फिरवलंस. वहिनीवर चिडू नकोस. तिनं लिहिलं म्हणून तुला निदान एक माणूस खरं सांगतंय.

मी खोटं लिहिलं होतं. ते आधी निस्तरते, मग तुझ्याकडे वळते.

मी आले तेव्हा सिस्टरांचं हॉस्टेल बांधून झालंच नव्हतं. चार भिंती आणि वर आभाळ. बाकीच्या दोघींची ओळखीपाळखीनं सोय लागली. मला म्हणाले, गावात कुणाकडे तरी राहा, इथले लोक आनंदानं ठेवतात. मी म्हटलं, माझी सोय मी बघते. आणि औषधांच्या कोठारात झोपले. उत्तम खोली म्हणून कळवली ती तीच. खोक्यांवर चादर. कपडे मागच्या नळावर धुवायचे, स्टोव्ह कोपऱ्यात. तुझ्या मुडीतला तांदूळ मूठमूठ शिजवायचा. अकरा दिवस असे काढले आणि मनात म्हणत होते, बघ बाबा, तुझी लेक कुणाच्या दारात गेली नाही.

दवाखान्याच्या गाडीवर सालिम नावाचा ड्रायव्हर आहे. त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं. त्यानं मला नळावर कपडे धुताना पाहिलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं. बाराव्या दिवशी सकाळी ती म्हातारी काठी टेकत चालत आली आणि कोठाराच्या पायरीवर बसली. तिला सगळे उम्म सालिम म्हणतात, म्हणजे सालिमची आई. मी म्हटलं, मी इथे मजेत आहे. तिनं आत डोकावून खोकी पाहिली. मग बोलली, आणि सालिमनं मला हिंदीत सांगितलं: 'माझं घर चार पावलांवर असताना पाहुणी औषधांच्या खोलीत झोपते. गावात मी तोंड कसं दाखवू? तू स्वतःचा मान बघतेस. माझ्या मानाचं काय?'

बाबा, असं मला कुणी कधी बोललं नव्हतं. आपण न घेतल्यानं देणाऱ्याची मान खाली जाते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तू शिकवलं नाहीस.

गेले तिच्याबरोबर. पण मी तुझीच, सरळ कशी वागेन? जाताना स्टोव्ह घेतला, मुडी घेतली. तिनं दिलेल्या खोलीत कोपऱ्यात वेगळी चूल मांडली. ते मुसलमान, आपण कुणबी, म्हणून वेगळं शिजवते असं त्यांना वाटलं असेल, वाटू दिलं. खरं कारण ते नव्हतं, हे तुला सांगायला नको. दोन दिवस म्हातारी काही बोलली नाही. इथे पाहुण्याला तीन दिवस काही विचारत नाहीत. कुठून आलीस, किती दिवस राहणार, काही नाही. नुसती कॉफी आणि खजूर पुढे ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःचं रिकामं ताट घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली आणि खाली बसली. म्हणाली, 'तू माझ्या घरी जेवत नाहीस ना, मग मी तुझ्या घरी जेवते. वाढ.'

माझ्याकडे होतं काय? तुझा तांबडा भात, सोलकढी आणि भाजलेला सुका बांगडा. वाढलं. तिनं बोटं चाटून खाल्लं आणि पुन्हा मागितलं. सालिम दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, हिनं आयुष्यात कुणाच्या घरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं. संध्याकाळी मी तिच्या ताटाला जाऊन बसले. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, माझी बोटं वाकत नाहीत, खजुराच्या थैल्या शिवायला मदत कर. इथे खजुराच्या पानांच्या पट्ट्या विणून थैल्या करतात आणि त्यात खजूर दाबून भरतात. मी एक थैली तुझ्यासारखी आवळून बांधली. तिनं ती मुठीनं ठोकून पाहिली आणि शेजारच्या तीन घरांत नेऊन दाखवली. तिला विचारलं, बाजारात इतक्या थैल्या असतात, तुझी कुठली ते कळतं का? म्हणाली, 'प्रत्येक बाईचा हात वेगळा. डोळे मिटून हात फिरवला तरी माझी शिवण मला कळते.' आता तिच्या अंगणात माझ्या हातच्या चाळीस थैल्या आहेत. हॉस्टेल गेल्या आठवड्यात तयार झालं. किल्लीसुद्धा मिळाली. मी अजून गेलेली नाही.

माझं झालं. आता तुझं.

दहा वर्षांपूर्वी धरणाचं पाणी चढू लागलं आणि आपण गाव सोडून रामनगरला आलो. जागा मिळाली होती, घर नव्हतं. बायजाक्काला आपण कोण, कुठले, काही माहीत नव्हतं. ती खानापूरकडची, आपण रानातले. तरी ती पहिल्याच दिवशी रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, 'वसरी मोकळी हाय, एक खोलीबी हाय, लेकीला घेऊन या.' तू म्हणालास, 'झिलू वेळीप कुणाच्या वसरीवर झोपणार न्हाई.' समोरच्या फणसाखाली बांबू रोवून तू छप्पर घातलंस आणि आपण त्यात आठ महिने राहिलो. डोक्यावरून आणलेली एक मुडी आणि कोन नावाच्या वेलाच्या कंदांचं पोतं, एवढा आपला संसार. मला तेव्हा तुझा अभिमान वाटायचा. आजही वाटतो, ते लपवत नाही. बायजाक्का म्हणाली, आमच्या कुंपणाला कोन लावायचं ठाऊक न्हाई, दाखव. तू सगळ्या कुंपणाला लावून दिलास आणि बदल्यात तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायला नाहीस.

आणि लोकांना सांगत सुटलास, 'माझ्या मुडीला बूड न्हाई. आठ महिनं झालं, तिघं खातोय, संपंना.' गावात सगळे हसायचे. तुला वाटायचं, कौतुकानं हसतात.

ऐक आता. ती मुडी श्रावणातच संपली होती.

दर सोमवारी तू लाकडं आणायला गेलास की आई रिकामी मुडी पदराखाली घेऊन बायजाक्काच्या मागच्या दारी जायची. बायजाक्का तांदूळ ओतायची, आई पेंढा आवळून परत तोंड बांधायची आणि मी दोरीचं टोक धरून उभी असायची. बायजाक्काचा तांदूळ पांढरा, आपला तांबडा. एकदा ताटात बघून तू विचारलंस, 'हा पांढरा कसा?' आई चटकन म्हणाली, 'जुना झाला की मुडीत पांढरा पडतो.' तू मान हलवलीस आणि जेवलास. एवढं रान जाणणारा माणूस, पण फसलास. त्या दिवशी मी मागे जाऊन हसू दाबत बसले होते.

आईनं मला शपथ घातली होती. हात ठेवून शपथ घ्यायची ती देवाची जागा, गावचा मांड, उरला नव्हता, तो पाण्याखाली होता, म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, 'ह्याला कधी कळू द्यायचं न्हाई. मान मोडला तर हा माणूस उभा राहणार न्हाई.' आज ती शपथ मोडते. आईला जे सांगायचं ते मी बघून घेईन. आणि बायजाक्कानं दहा वर्षांत एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. तुझा मान तू एकट्यानं राखलेला नाहीस, बाबा. त्या दोघींनी राखला.

अजून एक आहे. आई गेली त्या दिवशीचं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी आणून वाढतात, ही रीत मी तुला काय सांगू? बायजाक्का ताट घेऊन उंबऱ्यात आली. तू ते परत पाठवलंस आणि आईला पोचवून आल्या आल्या स्वतः चूल पेटवलीस. सगळं रामनगर बघत राहिलं. मी तुला म्हणाले, 'तुझ्या ताठ्याला आईचं सुतकसुद्धा कळत नाही.' तू काही बोलला नाहीस. मी बेळगावला नर्सिंगला निघून गेले. तेव्हापासून पाच वर्षं आपण खुशालीपुरतं बोलतो. तुझ्या चुलीवरचं मी त्या दिवशी खाल्लं नाही, ते तुला माहीत आहे. पण बायजाक्काच्या मागच्या दारात उभी राहून जेवले, ते माहीत नाही. भूक लागली होती, बाबा. जेवता जेवता रडले आणि तुझ्यावर आणखी चिडले. ते बोलणं बोलायला नको होतं. एवढं म्हणायला मला समुद्र ओलांडावा लागला.

आता सिस्टर म्हणून सांगते, लेक म्हणून नाही. तू असाच सरकत चुलीकडे जात राहिलास तर हाड जुळणार नाही, जन्माचा लंगडा होशील. एका कुशीवर पडून राहिलास तर पाठीला जखमा होतील आणि छातीत कफ धरेल. पडून राहिलेली माणसं तडा गेलेल्या हाडानं दगावत नाहीत, या कफानं दगावतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दर दोन तासांनी कूस बदलणारं कुणीतरी हवं. दिवसातून दहा वेळा लांब फुंकर मारायची. हे एकट्याच्या घरात होत नाही.

म्हणून बायजाक्काच्या घरी जा. चार पावलं आहेत. तुला चालायचंही नाही, खाटेसकट नेतील. आठ महिने तू तिचा भात खाल्लायस, आता तीन महिने उजळ माथ्यानं खा. मी इथे परक्यांच्या घरी जेवते, झोपते, त्यांच्या अंगणात खजूर भरते, आणि माझी मान तसूभर खाली गेलेली नाही. तुझीही जाणार नाही, मी सांगते ना.

कारवारची सुशीला सिस्टर रजेवर निघाली आहे, तिच्याबरोबर एक थैली खजूर पाठवते. ती कुणी बांधली ते ओळख. सुशीला दिवाळीनंतर परत येईल. हो की नाही, ते तिच्या हाती कळव.

तुझ्यासारखीच हट्टी, आणि आता तुझ्यापेक्षा एक पाऊल पुढे आलेली,
केशर

*

रामनगर
मंगळवार, २० ऑक्टोबर १९९२

केशर, मंगलवहिनीचे आशीर्वाद. झिलूमामा सांगतात ते जसंच्या तसं लिहिते आहे. मध्ये माझं एक अक्षर घालायचं न्हाई, असं बजावलंय.

केशर बाय,

तुझं पत्र आलं. मंगलनं वाचलं. मोठ्यानं वाच म्हणून लिवतीस, अर्ध्या गल्लीनं ऐकलं. लाज न्हाई तुला. माझीच लेक.

दोन दिस मी बायजाचं ताट परतच धाडलं. तिसऱ्या दिवशी बायजा रिकामं ताट घेऊन आली आणि खाटेजवळ फतकल मारून बसली. म्हणती, 'झिलू, तू माज्याकडं जेवत न्हाईस न्हवं? मग मी तुज्याकडं जेवते. वाढ.' तुझ्या म्हातारीचं बोलणं शिकून आली. वाढ म्हणती, आणि माझा पाय हलंना! दारात आलेलं माणूस उपाशी बसलंय, असली पाळी माझ्या बापजाद्यांवर आली न्हवती. शेवटी मंगलला म्हटलं, चुलीवर पेज हाय, वाढ अक्काला. प्याली. मीठ कमी हाय म्हणाली.

आता मुडीचं. तुझ्या म्हातारीला डोळं मिटून आपली शिवण कळती, आणि मला माझी गाठ कळत न्हाई व्हय? मी डावरा. माझी गाठ डाव्या अंगाला पडती. तुझ्या आईची उजव्या. पयल्याच सोमवारी मला कळलं. तांदूळ जुना होऊन पांढरा पडतो, असं ह्या जगात कुणी ऐकलंय? मी मान हलवली ती फसलो म्हणून न्हवे. ती बिचारी वळचणीला उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला वाटत होतं, आपण नवऱ्याचा मान राखतोय. मी म्हटलं, राखू दे. तिचा तेवढा मान मीबी राखला. बूड न्हाई, बूड न्हाई, असं गावभर सांगत होतो, ते तिला ऐकू जावं म्हणून. आणि बायजाच्या कुंपणाला कोन लावलं, ते उगाच न्हवे.

तू मागल्या दारात जेवलीस, तेबी मी बघितलं. तू पोटभर जेवावं म्हणून तिकडं पाठ करून बसलो.

चूल का पेटवली ते तू कधी विचारलं न्हाईस. मीबी सांगितलं न्हाई. आज सांगतो. तुझी आई मुडीला गाठ मारायची, तवा तो भात आपल्या घरचा व्हायचा. मग मी खायचो. त्या दिवशी बायजाचं ताट आलं आणि त्याला गाठ मारणारं माणूस बाहेर अंगणात निजवलेलं होतं. माझ्या हातनं ते ताट घेववलं न्हाई. तू म्हणालीस तो ताठा न्हवता. मग काय होतं ते मला नीट सांगता येत न्हाई. तुझं बोलणं लागलं, पण खोटं वाटलं न्हाई, म्हणून गप बसलो. ते आता सोड. मी सोडलं.

हां, आता बायजाच्या घरचं. चौघांनी खाटेसकट उचलून आणलं. गल्ली बघायला उभी. मी खाटेवर उठून बसलो आणि मान ताठ ठेवली, न्हाईतर लोकांना वाटायचं झिलू गेलाच. इथं दोन तासांनी मला पालथा-उताणा करत्यात. फुंकर मारतो. किती वेळा मारली ते मंगल मोजती, तुझ्यापेक्षा कडक हाय ती. बायजाचं नवं भात आलंय. मी उशीला टेकून मुड्या बांधतोय, आजवर नऊ झाल्या. खानापूरकडचे पावणे बघून गेले. म्हणाले, असली बांधणी आमच्याकडं न्हाई. कशी असंल? 

तुझी थैली पोचली. हात लावल्याबरोबर वळखली. बांधणी माझी, पण गाठ उजव्या अंगाला हाय. आईचा हात आलाय तुझ्यात. तान्ह्या पोराची शीर सापडली, तेबी त्याच हातानं. तू डॉक्टरांपुढं आख्खं नाव सांगितलंस, ते मी पुंडलिककडनं चार वेळा वाचून घेतलं. अजून एकदा मंगलला वाचायला लावणार हाय.

त्या म्हातारीला माझा नमस्कार सांग. म्हणावं, तुझी माणसं कधी ह्या बाजूला आली तर रामनगरला झिलू वेळीपाचं घर मोकळं हाय. खोक्यांवर निजू देणार न्हाई. तीन दिवस काय, तीस दिवस काही विचारणार न्हाई. हॉस्टेलची किल्ली आली म्हणून घाईनं तिच्या घरनं उठू नको. बरं दिसत न्हाई.

सुशीला परत निघाली की तिच्या हाती मुडी धाडतो. विमानतळावर कुणी विचारलं तर तू सांगितलंस तसंच सांग, म्हणून तिला बजावतो. त्या म्हातारीसंगं एका ताटात खा. ह्या वेळी गाठ मी उजव्या अंगाला मारलीय, तुझ्या आईसारखी. आठ महिनं रोज बघत होतो, मला ती येती. आणि तांदूळ पांढरा हाय. मुडीत राहून पडलेला न्हवे. बायजाच्या घरचा हाय.

तुझा बाप,
झिलू वेळीप
मुक्काम बायजाची वसरी, रामनगर